सेनेगल आणि माली: तांदळाच्या आयातीची टक्केवारी काय सांगते आणि काय लपवते

सेनेगल आणि माली हे पश्चिम आफ्रिकेतले सख्खे शेजारी. दोघांचं चलन एकच, सीएफए फ्रँक. २००० सालापासून दोघांची बाहेरच्या तांदळावरची जकातही एकच: १० टक्के, आणि वर दोन-अडीच टक्क्यांचे किरकोळ कर. १९६० मध्ये स्वातंत्र्य मिळाल्यावर दोन महिने तर ते एकाच संघराज्यात होते. तरीही आज सेनेगलच्या ताटातला निम्म्याहून जास्त भात जहाजातून येतो, आणि मालीत हेच प्रमाण दहा ते वीस टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी असतं. चलन आणि जकात सारखी असताना इतका फरक पडतो, म्हणूनच ही जोडी तपासण्यासारखी आहे.

याचं नेहमीचं स्पष्टीकरण असं: मालीकडे पाणी आहे, जमीन आहे, सेनेगलकडे वाळवंट आणि समुद्र. शिवाय सेनेगलच्या लोकांना परदेशी तांदळाची चटक लागली आहे. यातलं काहीच साफ खोटं नाही, पण नेमकं कारण यात सापडत नाही. सेनेगल नदीच्या खोऱ्यात हेक्टरी पाच-सहा टन धान निघतं. आफ्रिकेत ते पहिल्या रांगेतलं उत्पादन आहे आणि मालीच्या सिंचित भागापेक्षा तसूभर कमी नाही. आयातीवरचं अवलंबित्व ठरतं ते शेताच्या बांधानंतर. धान कोण विकत घेतो, कोण भरडतो, उधारीवर कोण देतो आणि बाहेरचा तांदूळ शहरापर्यंत किती खर्चात पोहोचतो, यावर सगळा खेळ आहे. सरकारं मात्र ‘अमुक सालापर्यंत स्वयंपूर्ण’ अशी टक्केवारीची उद्दिष्टं जाहीर करतात. ती धरून धोरण आखणं चुकीचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी टक्केवारी निघते कशी ते पाहू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. सूत्र सोपं आहे: आयात भागिले (उत्पादन + आयात − निर्यात). उत्पादन मात्र धानात मोजलं जातं आणि आयात तांदळात. सेनेगलचे अलीकडच्या वर्षांशी जुळणारे गोल आकडे घ्या: १३ लाख टन धान आणि ११ लाख टन आयात. चांगल्या गिरणीचा ६८ टक्के उतारा (१०० किलो धानातून ६८ किलो तांदूळ) धरला, तर तांदूळ ८.८४ लाख टन आणि अवलंबित्व ५५ टक्के. बियाणं आणि काढणी-मळणीतली नासधूस मिळून १२ टक्के वजा करून गावातल्या बऱ्या गिरणीचा ६५ टक्के उतारा धरला, की तांदूळ साडेसात लाख टनांच्याही खाली जातो आणि अवलंबित्व ६० टक्के. आता कुणी धानालाच तांदूळ समजून हिशेब केला, तर आकडा ४६ टक्के येतो आणि देश एका रात्रीत ‘निम्म्याहून जास्त स्वयंपूर्ण’ होतो. भाषणांत हीच चूक वारंवार सापडते, आणि ती दरवेळी वक्त्याच्या सोयीच्या बाजूलाच होते.

दुसरी खाच फेरनिर्यातीची. राजधानी डकारच्या बंदरात उतरलेला सगळा तांदूळ सेनेगलमध्ये शिजत नाही. काही मालीकडे जातो, काही गांबियात आणि गिनीकडे, आणि त्यातला बराचसा कागदावर येतच नाही. तिसरी खाच वर्षाची. आयात जानेवारी ते डिसेंबर मोजतात. नोव्हेंबर-डिसेंबरात निघालेलं पीक त्या वर्षाच्या खात्यात पडतं, पण खाल्लं जातं पुढच्या वर्षी. म्हणून एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये, तीन-तीन वर्षांची सरासरी घ्यावी.

आकडा पारखण्याची एक साधी रीत आहे: उत्पादन आणि आयात यांच्या बेरजेला लोकसंख्येने भागायचं. सेनेगलचे वरचे साधारण वीस लाख टन १.८ कोटी लोकांत वाटले, तर माणशी ११० किलो होतात. घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत याहून बराच कमी आकडा निघतो. मग वरचा तांदूळ गेला कुठे? एक तर सीमेपार गेला, नाही तर शेतात तो होताच कमी. मालीत हा संशय जास्त गडद होतो. ३० लाख टन धानाचा, वरच्यासारखीच नासधूस वजा करून, तांदूळ केला आणि त्यात तीन लाख टन आयात मिळवली, की सव्वादोन कोटी लोकांना माणशी ९० किलो तांदूळ येतो. बाजरी, ज्वारी आणि मका हेच जिथे अजून खेड्यांतलं रोजचं अन्न आहे, तिथे हा आकडा पचायला जड जातो. नोंदवलेल्या उत्पादनाचा पाव हिस्सा फुगवलेला असेल, तर मालीचं अवलंबित्व १५ वरून १९ टक्क्यांवर जातं. मालीच्या सरकारी नोंदीत २००७ मध्ये जेमतेम ११ लाख टन धान आहे आणि २०१० मध्ये २३ लाख टन. तीन हंगामांत दुप्पट! राजधानी बामाकोच्या बाजारातले भाव त्या प्रमाणात उतरले नाहीत. उत्पादन वाढलं हे खरं, पण दुप्पट झालं असतं तर बाजाराला त्याचा पत्ता लागलाच असता.

एवढं गाळून घेतल्यावर उरतो तो कल असा. सेनेगलमध्ये १९९०च्या दशकात धान पावणेदोन लाख टनांच्या आसपास होतं आणि आयात चार-पाच लाख टन. अवलंबित्व ८० टक्क्यांच्या घरात. आज धान १३ लाख टनांच्या पुढे नोंदवलं जातं आणि अवलंबित्व ५५ ते ६० टक्क्यांवर आलं आहे. ऐकायला छान. पण याच काळात आयात दुपटीहून जास्त झाली. टक्का उतरला आणि टन वाढले. जहाजावर आणि परदेशी भावावर विसंबून असलेलं पोट तीस वर्षांपूर्वीपेक्षा आज मोठं आहे, कारण लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली आणि त्यातली मोठी भर शहरांत पडली. टक्केवारी सुधारली म्हणून धोका कमी झाला, असं म्हणणाऱ्याने बंदरावरची बिलं एकदा पाहावीत.

मालीचा आलेख वेगळा आहे. १९८४च्या दुष्काळात सारा देश मिळून लाख-सव्वालाख टन धान निघालं आणि मदतीचा व आयातीचा तांदूळ नसता तर शहरं जगली नसती. १९९० पर्यंत धान पावणेतीन लाख टनांवर आलं, २००० मध्ये सव्वासात लाखांच्या पुढे गेलं. आयात वाढली, पण उत्पादनाच्या मागे राहून. सेनेगलच्या आधी दहा-पंधरा वर्षं मालीने हे वळण घेतलं. ते कसं जमलं, हे तपशिलात पाहायला हवं, कारण त्याचा धरणाशी संबंध लोक समजतात तेवढा नाही.

धरण जुनंच आहे. फ्रेंचांनी १९३२ मध्ये ‘ऑफिस द्यू निजेर’ ही सिंचन संस्था काढली आणि सेगूजवळ मार्काला इथे बंधारा बांधला. तो १९४७ मध्ये पूर्ण झाला. कल्पना एमिल बेलिम या अभियंत्याची: जवळपास दहा लाख हेक्टर भिजवायचं, फ्रान्सच्या गिरण्यांना कापूस पुरवायचा आणि वसाहतीला तांदूळ. त्यासाठी दूरदूरची माणसं, आजच्या बुर्किना फासोतले मोसी शेतकरीसुद्धा, सक्तीने आणून वसवली. कापूस जमला नाही आणि १९७० मध्ये तो बंद झाला. आजही भिजणारं क्षेत्र मूळ आराखड्याच्या जेमतेम दहा-बारा टक्के आहे. १९८०च्या सुमारास तिथे हेक्टरी दोन टनसुद्धा धान निघत नव्हतं. पाणी तेच, माती तीच. शेतकऱ्याने धान फक्त ऑफिसलाच विकायचं, तेही सरकारी भावाने, आणि भरडाईही ऑफिसच्याच मोठ्या गिरणीत. ‘आर्थिक पोलीस’ नावाचं दल रस्त्यांवर नाकी लावून धान बाहेर जाऊ देत नसे. अशा ठिकाणी कोण कशाला जास्त पिकवेल?

१९८४ नंतर नाकी उठली आणि १९८७च्या सुमारास धानाचा व्यापार मोकळा झाला. डच आणि फ्रेंच मदतीने जुने चर दुरुस्त झाले, वाफे समतल केले गेले, पेरणीऐवजी लावणी आली आणि श्रीलंकेहून आलेलं बीजी ९०-२ हे वाण पसरलं. पण मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती छोटी गिरणी. गावोगाव डिझेलवर चालणाऱ्या भरडणीच्या चक्क्या आल्या, काही बायकांच्या गटांच्या, काही व्यापाऱ्यांच्या. उतारा मोठ्या गिरणीपेक्षा कमी, कणी म्हणजे तुटका दाणा जास्त, पण पैसे त्याच दिवशी हातात. मोठ्या सरकारी गिरण्यांना धान मिळेनासं झालं आणि त्या यथावकाश बंद पडल्या. पाणीपट्टीही सुधारली. चांगल्या वर्गाच्या जमिनीला हेक्टरी ६७,००० फ्रँकच्या आसपास पट्टी बसते, आणि तिचा मोठा भाग त्याच भागातल्या चरांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा असं १९९०च्या दशकात सरकार, ऑफिस आणि शेतकरी यांच्या त्रिपक्षीय करारात ठरलं. पट्टी थकवणाऱ्याची जमीन काढून घेतात. ते कठोर आहे, पण चर वाहते राहतात.

या सगळ्यानंतर जानेवारी १९९४ मध्ये सीएफए फ्रँकचं अवमूल्यन झालं. एका फ्रेंच फ्रँकला ५० ऐवजी १०० सीएफए फ्रँक. बाहेरचा तांदूळ रातोरात महाग झाला. मालीचा शेतकरी तेव्हा तयार होता: वाण हाताशी, चक्की गावात, व्यापारी दारात. वाढलेला भाव थेट त्याच्या पदरात पडला आणि उत्पादनाने उडी घेतली.

सेनेगलमध्ये हेच अवमूल्यन त्याच दिवशी झालं, पण क्रम उलटा होता. तिथे नदीखोऱ्याची सरकारी संस्था एसएईडी १९६५ पासून नांगरटीपासून भरडाईपर्यंत सगळं करत आली होती. तिने धान खरेदीतून आणि गिरण्यांतून अंग काढलं ते अवमूल्यनाच्याच सुमारास, आणि लगेच १९९५-९६ मध्ये तांदूळ आयातीवरची सरकारी मक्तेदारीही उठली. म्हणजे शेतकऱ्याचा हक्काचा गिऱ्हाईक गेला, नवा उभा राहायच्या आत डकारच्या खासगी आयातदारांना दार उघडलं, आणि आशियातली स्वस्त कणी आत आली. घाईघाईने उभ्या राहिलेल्या खासगी गिरण्या एकामागून एक बसल्या. मालीत बाजार मोकळा व्हायला आणि स्पर्धा अंगावर यायला सात वर्षांचं अंतर मिळालं, सेनेगलला दोन वर्षंही मिळाली नाहीत. उदारीकरण चांगलं की वाईट, हा वाद इथे निरर्थक आहे. दोन्ही देशांनी ते केलं. फरक क्रमात होता.

दुसरा फरक भूगोलाचा, आणि तो नकाशावर दिसतो तसा नाही. निओनो हे मालीच्या सिंचित भागाचं मुख्य गाव बामाकोपासून साधारण ३४० किलोमीटर. सेनेगलच्या खोऱ्यातलं रिशार-तोल डकारपासून साधारण ३७०. देशी तांदळाला शहर गाठायला दोन्हीकडे जवळपास सारखाच प्रवास. पण परदेशी तांदूळ डकारमध्ये थेट दुकानाच्या दाराशी उतरतो, आणि बामाकोला जायचं तर डकारहून किंवा कोत दिव्वारच्या आबिजान बंदराहून हजार किलोमीटरच्या वर ट्रक, सीमेवरची थांबणूक आणि वाटेवरची चिरीमिरी. तो खर्च म्हणजे मालीच्या शेतकऱ्याला मिळालेली, कुठल्याही कायद्यात न लिहिलेली जकात. कागदावरचे १० टक्के दोघांना सारखे, प्रत्यक्षातलं संरक्षण मालीला कितीतरी जास्त. समुद्र नसल्याचा असा फायदा क्वचितच कुणाला होतो.

पाण्याचंही तसंच. मार्कालाचं पाणी बंधाऱ्यामागे उंचावून नदीच्या जुन्या कोरड्या पात्रांत सोडलं जातं आणि तिथून उताराने शेतात येतं, इंधन लागत नाही. सेनेगलच्या खोऱ्यात दियामा बंधाऱ्याने १९८६ पासून समुद्राचं खारं पाणी अडवलं आणि मानान्ताली धरणाने १९८८ पासून वर्षभर नदी वाहती ठेवली. हे मानान्ताली मालीच्या हद्दीत आहे, म्हणजे सेनेगलच्या उन्हाळी भाताचं पाणी मालीतून सुटतं. पण नदीतून शेतात ते पंपानेच चढवावं लागतं. डिझेल किंवा वीज महागली, की सेनेगलचा शेतकरी परदेशी तांदळाशी आणि तेलाच्या भावाशी एकाच वेळी झुंजतो.

आता ताटाकडे. सेनेगलची कणीची आवड ही फ्रेंच राजवटीची देन आहे. देशाच्या मधल्या पट्ट्यात भुईमूग लावून घ्यायचा आणि लोकांना सायगावहून आणलेली, भरडाईत तुटलेली स्वस्त कणी खाऊ घालायची, असा तो व्यवहार होता. आज ती आवड इतकी मुरली आहे की च्येबू-जेन हा मासे-भाताचा पदार्थ २०२१ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. तो करताना कणी धुऊन आधी पातेल्यावरच्या चाळणीत वाफवतात, मग टोमॅटो, भाज्या आणि माशांचा रस्सा असलेल्या तेलकट पाण्यात सोडतात. लहान तुकडा रस्सा आतपर्यंत पितो आणि तरी मोकळा राहतो. अख्खा दाणा घातला तर पाणी, वेळ, आच सगळं चुकतं. म्हणजे गृहिणीला हवी असते एकसारखी, खडे नसलेली कणी.

इथे एक गंमत आहे. नदीखोऱ्यातला भात फटाफट तुटतो. साधारण २०-२२ टक्के ओलाव्याला कापलेलं धान १४ टक्क्यांवर आणून भरडायचं असतं. पण हरमातानच्या कोरड्या वाऱ्यात ते शेतातच १० टक्क्यांखाली जातं, दाण्याला सूक्ष्म तडे जातात आणि गिरणीत त्याची कणी होते. कणी खाणाऱ्या देशाला ही अडचण वाटायला नको. तरीही डकारच्या बायका वर्षानुवर्षं देशी तांदूळ नाकारत आल्या, कारण त्यात अख्खे दाणे, मोठे तुकडे, चुरा, टरफल आणि खडे सगळं एकत्र असे. सात मिनिटांत शिजणारं आणि बारा मिनिटांत शिजणारं एकाच पातेल्यात पडलं, तर अर्धं लगदा होतं आणि अर्धं कच्चं राहतं. खडे काढणारं आणि आकारानुसार प्रतवारी करणारं यंत्र गिरणीत बसलं आणि २५ किलोच्या नावाच्या पिशव्या बाजारात आल्या, तसा तोच देशी तांदूळ खपू लागला. चटक परदेशी तांदळाची नव्हती, निवडलेल्या तांदळाची होती. मालीत उलट परिस्थिती: बामाकोचं गिऱ्हाईक गाम्बियाका नावाने विकल्या जाणाऱ्या देशी तांदळाला परदेशीपेक्षा जास्त भाव देतं. तिथे आयात तांदूळ हा गरिबाचा आणि तुटवड्याच्या महिन्यांचा तांदूळ.

प्रतवारी झाली, मग सेनेगल अजून मागे का? कारण पैशाची साखळी. आयातदार घाऊक व्यापाऱ्याला उधारीवर माल देतो, घाऊकवाला गल्लीतल्या दुकानदाराला, दुकानदार कुटुंबाला महिनाअखेरपर्यंत. नदीखोऱ्यातला गिरणीवाला मात्र रोख मागतो, कारण त्याला धानाचे पैसे शेतकऱ्याला द्यायचे असतात आणि शेतकऱ्याला बँकेचं पीककर्ज फेडायचं असतं. शेती बँक पहिलं कर्ज फिटल्याशिवाय दुसऱ्या हंगामाचं देत नाही. उन्हाळी पीक फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरतात, जून-जुलैत निघतं. कापणी यंत्रं कमी, त्यात पावसाची सुरुवात, म्हणून कापणी रेंगाळते. धान गिरणीत पडून राहतं, विकलं जात नाही, कर्ज फिटत नाही, नवं कर्ज ऑगस्टच्या शेवटी हातात येतं. इतक्या उशिरा पेरलेला भात नोव्हेंबरच्या थंडीत फुलोऱ्यावर येतो, रात्रीचं तापमान उतरलेलं असतं आणि दाणे पोचट राहतात. मग शेतकरी शहाणपणाने दुसरं पीक सोडून देतो. पाणी आहे, जमीन आहे, सहेल १०८ सारखं कमी दिवसांचं वाण १९९४ पासून आहे, आणि तरीही दुबार पीक फार थोड्या क्षेत्रावर होतं. नवीन हजार हेक्टर भिजवायला लागणाऱ्या पैशात किती कापणी यंत्रं, वाळवण यंत्रं आणि गोदामं येतील, हा हिशेब डकारच्या मंत्रालयाने स्वयंपूर्णतेच्या घोषणेआधी मांडायला हवा होता.

घोषणा मात्र झाल्या. एप्रिल-मे २००८ मध्ये थायलंडचा तांदूळ टनाला हजार डॉलरच्या घरात गेला तेव्हा अध्यक्ष अब्दुलाय वाद यांनी ‘गोआना’ नावाची अन्नोत्पादन वाढवण्याची मोठी मोहीम जाहीर केली. २०१४च्या कार्यक्रमात २०१७ पर्यंत १६ लाख टन धान आणि पूर्ण स्वयंपूर्णता असं उद्दिष्ट ठरलं. २०१७ आलं आणि गेलं, नोंदवलेलं धान दहा लाख टनांच्या आसपास होतं. खरं तर १९९०च्या तुलनेत ती मोठी झेप होती. पण ‘स्वयंपूर्णता’ हे उद्दिष्ट ठेवल्यामुळे चांगलं कामही अपयश म्हणून नोंदलं गेलं, आणि अधिकाऱ्यांवर आकडे फुगवायचा दबाव आला.

मालीची पाठ थोपटणाऱ्यांनीही जरा थांबावं. त्याचं कमी अवलंबित्व एकाच नदीवर आणि एका मोठ्या सिंचन पट्ट्यावर टेकलेलं आहे. मार्च ते मे निजेर नदीचं पाणी इतकं कमी होतं, की उन्हाळी भात थोड्याच क्षेत्रावर घेता येतो. तो वाढवला तर खालच्या मोप्तीच्या त्रिभुज प्रदेशातली पूरशेती, कुरणं आणि मासेमारी कोरडी पडते. २००८ मध्ये लिबियाला एक लाख हेक्टर देण्याचा करार झाला, ४० किलोमीटरचा कालवाही खोदला गेला. त्यासाठी पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न त्या करारापेक्षा मोठा होता. लिबियाचे गद्दाफी गेले आणि ते काम थंडावलं, हे बरंच झालं. त्यानंतर युद्ध आलं. २०२० पासून निओनोच्या परिसरात सशस्त्र टोळ्यांनी गावं वेढली, फाराबुगूसारख्या गावात माणसं शेतात जाऊ शकली नाहीत. जानेवारी ते जुलै २०२२ मध्ये पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या प्रादेशिक संघाच्या निर्बंधांनी सीमा बंद झाल्या आणि ऐन मोक्याला खत अडलं. आणि मालीत जो तुटवडा येतो तो खुष्कीच्या, अडवता येण्याजोग्या रस्त्यानेच भरून काढावा लागतो. जी १२०० किलोमीटरची वाट सुगीत शेतकऱ्याचं रक्षण करते, तीच दुष्काळात शहराची उपासमार करू शकते. १५ टक्के अवलंबित्व असलेला माली ६० टक्के असलेल्या सेनेगलपेक्षा सुरक्षित आहे, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

यात भारताचा संबंध थेट आहे. सेनेगलची कणी बरीच वर्षं मुख्यतः भारतातून जाते. २०२१-२२ मध्ये भारताने ३८ लाख टनांवर कणी निर्यात केली आणि सर्वांत मोठा ग्राहक होता चीन, तोही पशुखाद्यासाठी. सप्टेंबर २०२२ मध्ये भारताने कणीची निर्यात बंद केली. कारण कोंबडीखाद्य महागलं होतं आणि इथेनॉलच्या भट्ट्यांनाही तुटका तांदूळ हवा होता. जहाजात भरणी सुरू झालेल्या मालाला आधी आठवड्याभराची सवलत, ती पुढे थोडी वाढवली, बाकी करार हवेत. जुलै २०२३ मध्ये बिगर-बासमती पांढऱ्या तांदळावरही बंदी आली. मग सेनेगल, गांबिया आणि पुढे मालीसुद्धा, सरकार ते सरकार विनंती करून भारताकडून ठरावीक कोटा मागू लागले. पांढऱ्या तांदळाची बंदी सप्टेंबर २०२४ मध्ये उठली, कणीची मार्च २०२५ मध्ये.

गोंदिया-भंडाऱ्यातल्या गिरणीवाल्याला कणीचा हा प्रवास कळायला वेळ लागणार नाही. सरकारी भरडाईत १०० किलो धानाला ६७ किलो तांदूळ द्यायचा आणि त्यात २५ टक्क्यांपर्यंत कणी चालायची, हा नियम त्याला पाठ आहे. त्याच्याकडे कणी हा उरलेला माल. डकारमध्ये ते मुख्य अन्न. सेनेगलच्या स्वस्ताईचा पाया हाच होता की आशियाला हा माल नकोसा होता. आता कोंबड्यांना, भट्ट्यांना आणि चिनी पशुखाद्याला तो हवा आहे. कणी अख्ख्या तांदळाच्या भावाच्या जवळ सरकत राहिली, तर सेनेगलच्या नदीखोऱ्याला जे संरक्षण कुठल्याही जकातीने दिलं नाही, ते मिळेल. पण त्याचं ओझं डकारच्या गल्लीतल्या कुटुंबावर पडेल.

म्हणून सेनेगलने शंभर टक्क्यांचा नाद सोडावा, साठ टक्के अवलंबित्व पंचेचाळीसवर आलं तरी पुष्कळ, आणि सारी ताकद तीन ठिकाणी लावावी. जून-जुलैच्या सहा आठवड्यांत उन्हाळी पीक कापून वाळवून आत यावं एवढी यंत्रं नदीखोऱ्यातल्या रॉस-बेथिओ आणि रिशार-तोलच्या आसपास असावीत. गोदामात ठेवलेल्या धानाच्या पावतीवर शेतकऱ्याचं कर्ज पुढच्या हंगामापुरतं फिरवून द्यावं, म्हणजे धान विकण्याची घाई आणि पेरणीची तारीख यांची गाठ सुटेल. आणि दोन महिन्यांच्या आयातीइतका, म्हणजे दोन लाख टनांच्या आसपास साठा बंदराबाहेर ठेवावा. भारताने कणी बंद केली तर व्हिएतनाम, थायलंड किंवा पाकिस्तानचा माल बोलून, भरून डकारला लागायला साधारण तेवढाच काळ जातो. आयातदारांवर देशी तांदूळ घ्यायची सक्ती करण्यापेक्षा देशी गिरणीलाही आयातदाराइतकीच ६० दिवसांची उधारी देता येईल एवढं खेळतं भांडवल मिळवून देणं जास्त उपयोगी. मालीने मोजायचं ते वेगळं: मे महिन्यात मार्कालाला किती पाणी आहे, निओनो-सेगू रस्ता किती दिवस उघडा होता, आणि जुलैत खताचं पोतं शेतात किती तारखेला पोहोचलं. भारतापुरतं म्हणायचं तर निर्यातबंदी लावण्याचा हक्क कुणी नाकारत नाही. पण सही झालेल्या, पतपत्र उघडलेल्या करारांना किमान ६० दिवस द्यायला हरकत नसावी. पुढच्या वेळी कणी पुन्हा तुंबली, की गिऱ्हाईक शोधत आपल्यालाच डकारला जायचं आहे.